बेकरीच्या गाडीतून शांताच्या माहेराला

या गं पोरींनो, अशा जवळ या. एक पाय दारात अन् एक रस्त्यात ठेवून काय ऐकता? गॅसवर दूध ठेवलंय म्हणे! बंद करून या. आम्ही तिघी म्हाताऱ्या जुन्या गाडीत बसून तीन राज्यांतून फिरून आलो, त्याला महिना होत आला, आणि तुम्ही विचारता काय, तर "काकू, गाडीनं ॲव्हरेज किती दिलं?" हा काय प्रश्न झाला? कोण भेटलं, काय खाल्लं, कोण भांडलं, कोण रडलं, हे विचारावं माणसानं. घरात केबल आली म्हणून तुम्हाला वाटतं सगळं जग बघून झालं. उदगीरकडचा तो ओढा कुठल्या चॅनलवर दाखवतात, सांगा बरं मला.

बसलात? आता मधे उठायचं नाही.

कोंबडी उठेपर्यंत

आम्ही तिघी म्हणजे मी, शांता आणि रझिया आपा. मी हैद्राबादच्या अंबरपेठेत लोकांचे कपडे शिवते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रझिया आपा माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. तिच्या नवऱ्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं. तीस वर्षं ती त्याच्या हातात पाने देत आली. तो गेल्यावर तिनं पाना स्वतःच्या हातात घेतला आणि दुकान चालू ठेवलं. अंबरपेठेतले रिक्षावाले आधी हसायचे, आता "आपा, जरा आवाज ऐकून घ्या" म्हणत ओळीनं उभे असतात.

शांता राहते दिलसुखनगरला. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, गेल्या वर्षी रिटायर झाली. जन्मभर कानाला यंत्र लावून लोकांची माणसं लोकांना जोडून दिली. स्वतःच्या भावाशी मात्र चौदा वर्षं बोलणं नाही.

भांडण शेतीवाडीचं नाही हो. मुराळ्याचं. तुमच्यातल्या निम्म्या पोरींना मुराळी म्हणजे काय तेच ठाऊक नसेल. सासरी दिलेल्या मुलीला न्यायला माहेरचं माणूस येतं, भाऊ असेल तर भाऊ, तो मुराळी. त्यानं यावं, बहिणीच्या घरी जेवावं, मग तिला सोबत घेऊन जावं. शांताचा भाऊ किसन दर वर्षी यायचा. आणि नेमका स्वतःच्या थोरल्या पोराच्या लग्नाला तिला न्यायला आला नाही. सुगीचे दिवस, घरात एकटा माणूस, म्हणून त्यानं पत्रिका पोस्टानं टाकली. शांता म्हणाली, पोस्टानं परक्यांना बोलावतात. गेली नाही. भाऊ म्हणाला, सख्ख्या आत्याला पुतण्याच्या अक्षतांना यायला निरोप्या लागतो का? तोही आला नाही. दोघं एका आईचे, अडून बसले ते बसलेच. मधे वडील गेले. ती खबर तेरावं होऊन गेल्यावर कळली. तेव्हापासून शांता माहेराचं नाव काढायची नाही. पण थंडी पडली की म्हणायची, "आता आमच्याकडं हुरडा निघेल."

हे ती तीनदा म्हणाली या हिवाळ्यात. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा रझिया आपा माझ्या शिलाई मशीनच्या चाकात तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "भाई नै आता तो हम ले जाते. गाडी है ना."

गाडी म्हणजे कुठली, तर तिच्या दुकानामागं चार वर्षं उभी असलेली बेकरीची व्हॅन. आता बाजार खुला झाला, रोज नवी गाडी निघतीय, कर्ज द्यायला बँका दारात येतायत. बेकरीवाल्यानं नवीकोरी गाडी घेतली आणि ही दुरुस्तीला आलेली तशीच सोडून दिली. भंगाराच्या भावात आपाच्या गळ्यात पडली. रंग उडालेला, तळाला भोकं, आत पावाचे लोखंडी रॅक, आणि ड्रायव्हरच्या सीटवर एक कोंबडी.

कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. मी तिला हुसकायला गेले तर आपानं माझा हात धरला.

"आरी मां, अंडे पे बैठी है वो. उसकू उठाना नक्को. पिल्ले निकलने देव."

"अगं, मग गाडी कधी होणार?"

"पीछे से शुरू करतें."

तर आम्ही मागून सुरुवात केली. पत्रा ठोकून घेतला, तळाची भोकं बुजवली, रेडिएटरला झाळ मारली. माझा मुलगा रोज संध्याकाळी येऊन बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. "आई, मी भाड्यानं चांगली गाडी करून देतो. एसी लावलेली. ड्रायव्हरसकट." मी म्हटलं, तुझा ड्रायव्हर शांताला माहेरी नेईल रे, पण मुराळी होऊन नेईल का?

माझ्याकडं सीटा होत्या. कोठीच्या बाजारातून गादीचं पट्ट्यापट्ट्याचं कापड आणलं, चांगला कापूस पिंजून घेतला आणि मनापासून भरला. कोंबडीची आठ पिल्लं निघाली, ती आपल्या लवाजम्यासह उतरून गेली, आणि आम्ही आपाला थाटात नव्या सीटवर बसवलं. डोकं छताला लागलं आणि पाय ब्रेकला पोचेनात! आपा वरून म्हणते, "ये सीट है के घोडी? बारात में जारी क्या मैं?" निम्मा कापूस काढावा लागला. त्याच्या नंतर दोन उशा झाल्या.

रंग शांतानं निवडला, हळदीसारखा पिवळा. तिघींनी मिळून मारला. थंडीत तेलरंग लवकर वाळत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी शांता नेहमीच्या सवयीनं गाडीला टेकून गप्पा मारायला लागली आणि निघताना साडी येईचना. ओढून काढली तर नारायणपेठी काठाची सगळी नक्षी दारावर उमटली. मी पुसायला धावले. शांताच म्हणाली, राहू दे, बरी दिसतीय.

एक दुखणं तेवढं गेलं नाही. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. कितीही धुतली तरी गंज यायचा, नळीत अडकायचा, गाडी आचके देऊन बंद. शेवटी आपानं टाकीचा नादच सोडला. टपावर पाच लिटरचा डबा बांधला, डब्याला नळी, नळीला एक छोटी तोटी, आणि ती तोटी स्वतःच्या डाव्या हाताशी घेतली. तोटी उघडली की पेट्रोल खाली, बंद केली की बंद. दवाखान्यात सलाइन लावतात ना, तसं आमच्या गाडीला लावलं होतं.

पहिला दिवस: दिलसुखनगर ते बिदर

मुराळी व्हायचं तर रीतसर व्हायला हवं. सकाळी सातला मी आणि आपा शांताच्या दारात पोचलो. शांतानं पुरण घातलं होतं. आधी जेवलो. सातला पुरणपोळी खाऊन बघा एकदा, दिवसभर कुणाचा राग येत नाही. शांताचे यजमान दारात येऊन हसत म्हणाले, "नेताय तर न्या. पण परत आणून सोडायचं कामही मुराळ्याचंच असतं."

"सोडते दाजी," मी म्हटलं. "कुठल्या दिवशी ते मात्र विचारू नका."

चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ मी फोडला, आपानं बिस्मिल्ला म्हटलं, आणि शेजारच्या चार बायांनी गाडी ढकलली. तशी ती हँडल मारूनही सुरू व्हायची, पण बायांना हौस.

शांता मागच्या सीटवर, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. शहर सुटलं तशी ती नवी नवरी असल्यासारखी बोलायला लागली. आमच्या दारात बोर आहे. वहिनी तिळाची चटणी अशी करते. किसनला लहानपणी बैलांची नावं तोंडपाठ, माणसांची नाही. चौदा वर्षांचं बोलणं एका तासात! आपा मधूनच म्हणायची, "हौ मां, हौ. गियर तो डालने देव."

गाडीचा विजेचा हॉर्न मेला होता, म्हणून बेकरीचा जुना रबरी भोंगाच ठेवला होता. पों पों. झहीराबादला एका गल्लीच्या तोंडाशी म्हैस आडवी आली, आपानं भोंगा वाजवला. म्हैस हलली नाही, पण तीन घरांची दारं उघडली. एक बाई ताट घेऊन धावत आली.

"नालुगु बन्नुलु इव्वम्मा."

चार बन द्या म्हणते! मी सांगितलं, लेवम्मा, नाहीत गं बाई. तिनं खिडकीत डोकं घातलं, लांब श्वास घेतला. "मग वास कुठून येतोय?" आणि खरं होतं तिचं. पत्रा ठोकला, रंग मारला, साबणानं धुतलं, तरी बिस्किटांचा वास त्या गाडीतून गेला नव्हता. बाई रागानं बघायला लागली, जणू आम्ही बन लपवून ठेवलेत. शेवटी शांतानं तिच्या ताटात ओंजळभर शंकरपाळे घातले. तिनं एक खाल्लं, आत गेली आणि पदरात पेरू घेऊन आली. त्या पेरूंवर आम्ही बिदर गाठलं.

त्याआधी नाका लागला. माझ्या लहानपणी या सगळ्या रस्त्याला एकच राज्य होतं. माझी आत्या बिदरला, मावशी उदगीरला, कुणाला वाटायचं नाही की आपण दुसरीकडं आलो. आता एका दिवसात तीन राज्यांच्या पाट्या वाचायच्या. नाक्यावरच्या माणसानं गाडीला फेरी मारली, दारावरची काठाची नक्षी बघितली आणि आपाला विचारलं, "माल क्या है अंदर?"

"तीन बुढ्ढियां."

"बेचने कू?"

"कब से फिर रैं, कोई लेताच नै."

तो इतका हसला की कागद बघायचे विसरला. चहाही त्यानंच पाजला. हैद्राबादचा चहा आठवून पिऊ नका म्हणजे चांगला लागतो.

बिदरला आपाच्या मावसबहिणीकडं मुक्काम. जेवणाचा दस्तरखान अंथरला, ज्वारीच्या पातळ पापुद्र्यासारख्या भाकरी आणि अंबाडीची भाजी. आपल्याकडं हैद्राबादेत अंबाडी म्हणजे मिरच्या आणि आंबटपणा, डोळ्यांतून पाणी. तिथं त्यात डाळ आणि शेंगदाण्याचं कूट, जीभ कशी निवांत. मी तीन भाकरी खाल्ल्या. शांतानं अर्धी.

"का गं?"

"पोट भरलंय पुरणानं," ती म्हणाली. सकाळच्या सातच्या पुरणानं!

दुसरा दिवस: ओढा

बिदर सोडलं तशी शांता गप्प झाली. काल एवढी बोललेली बाई, आज डब्याचं झाकण उघडते आणि लावते. बाहेर मात्र काय शोभा! काळी माती, त्यावर कमरेपेक्षा उंच ज्वारी, कणसं दुधात आलेली, कडेला करडईची पिवळी फुलं. मराठी पाट्या सुरू झाल्या. एका पाटीवर गावाचं नाव तिनं मोठ्यानं वाचलं, पुढच्या पाटीला वाचलं नाही.

डांबरी रस्ता सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. समोर उतार, खाली ओढा, पलीकडं अर्ध्या कोसावर गाव दिसायला लागलं. आणि शांता म्हणाली, "आपा, थांबव."

आपानं वेग कमी केला.

"मी पुढं येत नाही. परत फिरव गाडी."

मला रागच आला. "अगं, दोन महिने गाडी ठोकली आम्ही. आणि मुराळी नाही आलो का तुला न्यायला? तुझं पुरण खाल्लंय मी!"

"तुम्ही दोघी माझ्या बहिणींपेक्षा जास्त आहात. पण त्या दारात तुम्हाला कोण ओळखतं? तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, कुणी बोलावलं तुला? तर मी काय करू, सांग. आत्ता निदान म्हणता येतं की तो आला नाही. एकदा त्यानं दारातून परतवलं की मला माहेरच उरलं नाही."

खरं होतं तिचं. आम्ही थट्टेत मुराळी झालो होतो, ती थट्टा दिलसुखनगरच्या दारात चालली. इथं चालत नव्हती.

"फिराती मां," आपा म्हणाली. "नीचे जगा है, वहां से मोडती." गाडी उतारावरून खाली आली, ओढ्यात शिरली, दोन आचके दिले आणि बरोब्बर पाण्याच्या मधोमध बंद पडली.

आपानं झाकण उघडलं, इंजिनकडं पाहिलं, जिभेनं चुकचुक केलं. "गई. अब बैल लगते मां. बैल लाव जाके."

चप्पल हातात, साडी घोट्याच्या वर खोचलेली, अशी मी त्या थंडगार पाण्यातून निघाले. देवाला म्हणत होते, किसन सोडून कुणीही भेटू दे. आणि पहिल्याच शेतात एक माणूस तुरीच्या पेंढ्या बैलगाडीत भरताना दिसला. जवळ गेले. नाकाचा शेंडा थेट शांताचा.

"दादा, गाडी ओढ्यात अडकली. बैल मिळतील का?"

"मिळतील की. कुठल्या तुम्ही?"

"हैद्राबाद."

तो पेंढी टाकता टाकता थांबला. "हैद्राबादमधी कुठं?"

"अंबरपेठ."

"तिथून दिलसुखनगर लांब पडतं का?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं गाडी सोडली, बैलांच्या मानेवरचं जू ठीक केलं, दोरखंड खांद्यावर टाकला. चालायला लागलो. मग बैलाशी बोलावं तसं म्हणाला, "आमची बहीण असती तिथं. टेलिफोनात. दर सालाला वाटतं जाऊन आणावी. मग वाटतं, दार नाही उघडलं तर?"

काय सांगू पोरींनो! तिकडं ओढ्यात एक तेच बोलून बसली होती. ओठावर आलं होतं की दादा, ती त्या गाडीतच आहे. पण सांगितलं आणि तो तिथूनच मागं फिरला तर? मी पायाखाली बघत चालले. एक काटाही टोचला, तोही काढला नाही.

ओढ्याशी आलो. शांतानं पडदा ओढून घेतला होता, मी शिवलेलाच पडदा. किसन बैल घेऊन पाण्यात उतरला, पुढं जाऊन वाकून दोरखंड बांधायला लागला. गाठ मारली, मान वर केली, आणि काचेतून आत बघतच राहिला. पुढच्या काचेला तर पडदा नव्हता.

बैल पाणी पीत होते.

मग तो म्हणाला, "शांते, खाली उतर. वजन हलकं होईल."

आतून आवाज आला, "मी नाही उतरत. बैल कशाला आणलेस मग?"

"बैल म्हातारे झालेत."

"तू काय तरणा राहिलास? मिश्या बघ, कापसासारख्या."

"तू चष्मा लावून बघतीस, म्हणून दिसतंय."

"चौदा वर्षं कुठं होतास?"

त्यानं बैलांना हाक दिली, "हाऽ चल, राजा," पण आवाज मधेच फुटला आणि बैल हललेच नाहीत. दुसऱ्यांदा हाक दिली तेव्हा चालले. गाडी पाण्यातून निघाली, काठावर चढली. काठावर तो थांबेल, बैल सोडील, असं मला वाटलं. थांबला नाही. तसाच ओढत गावाकडं निघाला. पुढं किसन बैलांसोबत पायी, मागं आमची हळदी रंगाची गाडी, आपा स्टेअरिंग धरून राणीसारखी ताठ, आणि शांता पडदा सारून दोन्ही बाजूंची शेतं बघतीय. गावातले लोक ओट्यावर उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "किसना, काय आणलंस रे?"

"शांताला आणलंय," तो म्हणाला.

तिथले चार दिवस

वहिनीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि मग दोघी अशा रडल्या की मी आणि आपा बोरीखाली जाऊन बसलो. बोरं आंबट होती. खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून तोंडात टाकायची, वर लसणाची चटणी. हैद्राबादेत म्हणे मोठ्या हॉटेलात आता परदेशी खाणं मिळतं. मिळो बापडं. आपानं हुरडा खाऊन विचारलं, "इत्ते साल ये बिना बताये खाते रहे तुम लोगां?" किसनची आणि तिची बैल विरुद्ध इंजिन अशी चर्चा चार दिवस चालली. बापाच्या खबरीचाही विषय निघाला. त्यानं पत्र वेळेवर टाकलं होतं, पोचलं उशिरा. शांता म्हणाली, मी तेव्हाच निघायला हवं होतं. तो म्हणाला, मी तेव्हाच यायला हवं होतं. आणि मग दोघं त्यावरही भांडले, चूक जास्त कुणाची म्हणून.

निघायच्या सकाळी किसनच म्हणाला, बघू काय झालं गाडीला. आपानं डावा हात जरासा हलवला, मी हँडल मारलं, गाडी एका फेरीत सुरू. किसननं नळी पाहिली. तोटी पाहिली. आपाकडं पाहिलं.

"ठंड लगी थी भाई उसकू," आपा म्हणाली. "धूप मिली, उठ गई."

मला तर तेव्हा कळलं! मी थंड पाण्यातून, काट्यातून चालत गेले, ते एका तोटीसाठी. आपाशी बिदरपर्यंत बोलले नाही. बिदरला बोलावं लागलं, भूक लागली होती.

किसन आत गेला आणि माहेरवाशिणीला करतात तशी साडीचोळी घेऊन आला. एक शांताला, एक मला, एक आपाला. आपाचं कापड तिनं अजून मला शिवायला दिलेलं नाही. रोज उघडून बघते आणि ठेवते.

चैत्रात तो येतोय, शांताला न्यायला. पहिल्यांदा रेल्वेनं येणार आहे आणि त्याला स्टेशनची भीती वाटते, म्हणून आम्ही त्याला घ्यायला गाडी घेऊन जाणार. दिलसुखनगरला जेवेल, मग दोन दिवस माझ्याकडं. ज्वारीचं पीठ आणतो म्हणालाय. तर तुम्हीही या. अंबरपेठेत कुणालाही पिवळी गाडी विचारा, दार दाखवतील. सासूला काय सांगायचं ते मी सांगते, नवऱ्याला काय सांगायचं ते आपा सांगेल. आणि एकटीनं यायला संकोच वाटत असेल तर तसं कळवा, आम्ही तिघी येऊन घेऊन जातो, जेवायला मात्र घालावं लागेल. उशीर करू नका. चैत्रातच या, नंतर त्या गाडीचा पत्रा फार तापतो.